कारखान्याच्या वहीत नाव कुणाचं? फ्रीबीएसडीच्या थ्रेड्सवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी, म्हणजे लिनक्ससारखीच एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकायचं कसं ते लिहिलं होतं. वाटलं होतं वायफाय चालत नाही, आवाज येत नाही असेच प्रश्न येतील, तसे आलेही, पण त्यातले चार-पाच जण डायरेक्ट थ्रेड्सवर (एकाच प्रोग्रामच्या आत एकाच वेळी चालणारी वेगवेगळी कामं) घसरले, म्हणून हा अख्खा कॉलम त्यांना दिला. वायफायवाल्यांनो, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई, मी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ओएसच्या प्रोजेक्टला फ्रीबीएसडी घेतलंय. कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकात थ्रेड्ससाठी लिबसी_आर वापरा असं लिहिलंय, एका सीनियरच्या नोट्समध्ये लिबकेएसई आहे, माझ्या मशीनवर लिबथर दिसतं आणि कंपाइल करताना मी लिंक करतो लिबपीथ्रेड. या चार वेगळ्या लायब्ररी आहेत का एकच? व्हायवाला 'सध्याची परिस्थिती काय' विचारलं तर काय सांगू?

आधी व्हायवापुरतं उत्तर घे. आज लायब्ररी एकच, लिबथर. लिबपीथ्रेड ही तुझ्या मशीनवर नुसती सिमलिंक आहे, ती लिबथरकडेच बोट दाखवते, एलएस करून बघ. बाकीच्या दोन गेल्या, आता त्या पुस्तकातच सापडतात. एवढं सांगून गप्प बसलास तरी मार्क मिळतील, पण सर खमके असतील तर पुढे विचारतील की का गेल्या, आणि मजा तिथेच आहे.

तू सांगलीचा, म्हणजे ऊसतोड बघितलेली असणार. लिबसी_आर म्हणजे असं समज की कारखान्याच्या वहीत नाव फक्त मुकादमाचं. टोळीत किती माणसं आहेत, कोण तोडतंय, कोण मोळ्या बांधतंय, कारखान्याला काही पत्ता नाही. इथे कारखाना म्हणजे कर्नेल, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणि मुकादम म्हणजे तुझी प्रोसेस, चालू असलेला प्रोग्राम. लायब्ररी आतल्या आत थ्रेड्सना पाळीपाळीने चालवायची, नेटवर्कवरून वाचायचं असेल तर सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (म्हणजे वाट बघत न थांबणारं) करून हुशारीने निभावून न्यायची, पण डिस्कवरची फाइल वाचायला गेलं की ती युक्ती चालत नाही. मुकादमच वजनकाट्याच्या रांगेत अडकला आणि वहीत दुसरं नाव नाही, म्हणजे अख्खी टोळी बांधावर बसून. शिवाय मशीनमध्ये दोन प्रोसेसर असले तरी उपयोग शून्य, कारण कर्नेलला दिसणार एकच प्रोसेस, ती एका वेळी एकाच प्रोसेसरवर पळणार.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये बरं का. २००४ साली मी एका छोट्या कंपनीत होते, नाव सोडून दे, फ्रीबीएसडी ४ वर एक डेटाबेस चालायचा आणि मालकांनी मोठ्या हौसेने दोन प्रोसेसरवाला सर्व्हर घेतलेला. महिनाअखेरचा रिपोर्ट कुणी लावला की बाकी सगळ्यांचे स्क्रीन गोठायचे, आणि टॉपमध्ये (काय चालू आहे ते दाखवणारी कमांड) बघावं तर एक प्रोसेसर निवांत. मी तीन दिवस डिस्क बदल, केबल बदल, रॅम काढून घाल असलं काहीबाही करत होते, मग कळलं की कुठल्याच वस्तूत दोष नाही, डेटाबेस लिबसी_आरवर बिल्ड झालाय. त्या काळी यावर एक जुगाड होता, लिनक्सथ्रेड्सचं पोर्ट, त्यावर डेटाबेस परत बिल्ड करायचा. ते प्रत्येक थ्रेडला मेमरी शेअर करणारी वेगळी प्रोसेसच करून द्यायचं. चाललं झकास, फक्त टॉपमध्ये तीच मेमरी चाळीस वेळा दिसायला लागली आणि मालक म्हणे सगळी रॅम संपली, आता हे काय केलंत.

आता केएसई, म्हणजे तुझ्या सीनियरच्या नोट्समधल्या लिबकेएसईमागची व्यवस्था. ही खरं तर फार देखणी आयडिया होती आणि मला अजूनही तिच्यावर हसणाऱ्यांचा राग येतो. मूळ विचार वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अँडरसन आणि मंडळींच्या १९९१ च्या पेपरमधला, शेड्युलर अ‍ॅक्टिव्हेशन्स. म्हणणं असं की थ्रेड्स हजारो असू देत, ते लायब्ररी सांभाळेल कारण तिला ते स्वस्तात बदलता येतात, कर्नेलकडे मात्र प्रोसेसर जितके साधारण तितकीच नावं नोंदवा. आणि कुठलाही थ्रेड कर्नेलमध्ये अडकला की कर्नेलने लायब्ररीला वर निरोप पाठवायचा, अगं तुझा हा माणूस अडकला, दुसरा लाव. म्हणजे कारखान्याचा चिटबॉय दर वेळी फडात येऊन मुकादमाला सांगणार की तुझा गडी काट्यावर आहे, तोवर त्याच्या जागी दुसरा कोयता घाल. याला एम:एन मॉडेल म्हणतात, एम थ्रेड्स एन कर्नेल-थ्रेड्सवर. ज्युलियन एलिशर, डॅनियल आयशेन, डेव्हिड झू अशा लोकांनी यावर काही वर्षं घातली, जानेवारी २००३ ला आलेल्या ५.० मध्ये कर्नेलचा पाया आला आणि नोव्हेंबर २००४ च्या ५.३ मध्ये हीच डिफॉल्ट झाली, तेव्हा तिचं नावच लिबपीथ्रेड होतं. तुझ्या डोक्यात झालेला निम्मा गोंधळ या नावांच्या अदलाबदलीचा आहे, कारण पुढे तिला परत लिबकेएसई म्हणायला लागले आणि लिबपीथ्रेड हे नाव लिबथरच्या दारावर लावलं.

मग बिनसलं कुठे? एका फडावर दोन मुकादम. कर्नेलचा शेड्युलर, म्हणजे कोण कधी पळणार ते ठरवणारा, आपल्या डोक्याने ठरवणार, लायब्ररीचा आपल्या, आणि दोघांना एकमेकांचं अर्धवट माहीत. सिग्नल आला तर तो नेमका कुठल्या थ्रेडला द्यायचा, लॉक (सगळ्यांच्या सामाईक डेटावरचं कुलूप) धरून बसलेल्या थ्रेडलाच कर्नेलने बाजूला काढलं तर काय, डिबगरला काय दाखवायचं, प्रत्येक ठिकाणी जास्तीचा कोड आणि तो कोड कर्नेलच्या अगदी पोटात. आणि ज्यासाठी एवढा आटापिटा, ते कर्नेलमधलं थ्रेड बदलणं तेवढ्यात स्वस्त होत गेलं. त्याच सुमारास लिनक्सवाल्यांपुढेही हाच चॉइस होता, आयबीएमच्या लोकांचं एम:एनवालं एनजीपीटी आणि उलरिच ड्रेपर व इंगो मोल्नार यांचं साधं १:१ वालं, म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःचा कर्नेल-थ्रेड देणारं, एनपीटीएल. तेव्हा गाजलेला आकडा असा की एक लाख थ्रेड्स चालू करून संपवायला एनपीटीएलला २ सेकंद आणि त्याआधीच्या व्यवस्थेत तेच १५ मिनिटं. एनजीपीटी गुंडाळलं. सोलारिसकडे एम:एन कित्येक वर्षं होतं, त्यांनीही २००२ मध्ये सोलारिस ९ ला १:१ डिफॉल्ट केलं. नेटबीएसडीने २००४ च्या २.० मध्ये शेड्युलर अ‍ॅक्टिव्हेशन्स आणलं आणि २००९ च्या ५.० मध्ये सोडून १:१ घेतलं. म्हणजे पार्टी एकटी फ्रीबीएसडीची फसली नाही, सगळेच त्या रस्त्याने गेले आणि सगळेच परत आले.

लिबथर म्हणजे तो परतीचा रस्ता. प्रत्येक थ्रेडमागे एक कर्नेल-थ्रेड, वहीत प्रत्येक कोयत्याचं नाव, विषय संपला. २००३ मध्ये जेफ रॉबर्सनने ती आणली आणि २००५ मध्ये डेव्हिड झूने ती जवळजवळ नव्याने लिहिली, हो, तोच झू जो आधी केएसईवर राबत होता, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. मधली तीन-चार वर्षं दोन्ही लायब्ररी शेजारी शेजारी नांदत होत्या आणि लिबमॅप नावाच्या कॉन्फिग फाइलीत दोन ओळी टाकल्या की परत कंपाइल न करता प्रोग्राम एकीवरून दुसरीवर जायचा, त्यामुळे कोण बरं चालतंय हे लोकांनी आपापल्या सर्व्हरवर स्वतःच बघून घेतलं. फेब्रुवारी २००८ च्या ७.० मध्ये लिबथर डिफॉल्ट, नोव्हेंबर २००९ च्या ८.० मधून केएसई साफ बाहेर. ७.० च्या घोषणेत डेटाबेसच्या काही चाचण्यांत ६ पेक्षा ३५० टक्क्यांपर्यंत आणि प्रचंड लोडखाली १५०० टक्क्यांपर्यंत सुधारणा असं छापलं होतं, ते सगळं श्रेय थ्रेड लायब्ररीचं धरू नकोस, कर्नेलमधलं मोठं लॉक फोडायचं कामही तेव्हाच फळाला आलं होतं.

वेगाचं खरं गुपित छोटं आहे. लॉक रिकामं असेल तर लिबथर कर्नेलकडे जातच नाही, मेमरीतल्या एका आकड्यावर अ‍ॅटॉमिक (मध्येच कुणाला घुसता न येणारी) इन्स्ट्रक्शन मारून काम भागवते, लॉक दुसऱ्याकडे असेल तरच कर्नेलला हाक मारून झोपते. फ्रीबीएसडीत याला यूएमटीएक्स म्हणतात, लिनक्सचं फ्यूटेक्स त्याच जातीचं.

प्रश्न : पुण्यात सिस्टीम्स बघतो. सी मधली एक जुनी सर्व्हिस लिनक्सवरून फ्रीबीएसडीवर आणतोय. म्यूटेक्स (म्हणजे थ्रेड्समधलं लॉक) लॉक करायच्या कॉलमधून अधूनमधून ११ नंबरची एरर येते. ११ म्हणजे 'पुन्हा प्रयत्न करा', म्हणून टीममधल्या एकाने लूप लावला, आता तो थ्रेड १०० टक्के सीपीयू खात बसतो. लिबथरमध्ये बग आहे का? लिनक्सवर हाच कोड आठ वर्षं चालतोय, कधीतरी हँग व्हायचा म्हणून रोज रात्री क्रॉनमधून रीस्टार्ट लावलाय इतकंच.

तुम्ही 'इतकंच' म्हणून जे शेवटी टाकलंय ना, उत्तर तिथेच आहे. बग लायब्ररीत नाही, तुमच्या सर्व्हिसमध्ये आहे, आणि आठ वर्षांपासून आहे.

११ चा अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. लिनक्सवर, म्हणजे तुमच्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर, ११ म्हणजे ईअगेन आणि ३५ म्हणजे ईडेडलॉक. फ्रीबीएसडीवर बरोब्बर उलटं, ११ ईडेडलॉक आणि ३५ ईअगेन. कुणी मुद्दाम खोडी काढल्यासारखी अदलाबदल आहे ही. म्हणजे लायब्ररी तुम्हाला ओरडून सांगतेय की बाबा, हे लॉक तुझ्याच थ्रेडने आधीच धरलंय, परत मागू नकोस, आणि तुमचा लूप तिला म्हणतोय, नाही, परत बघ, परत बघ. तो थ्रेड स्वतःच्याच सुटण्याची वाट बघत गरागरा फिरणार, जन्मभर.

आता लिनक्सवर काय होत होतं? तिथे साधं म्यूटेक्स त्याच थ्रेडने दुसऱ्यांदा मागितलं की एरर येत नाही, थ्रेड गुपचूप कायमचा झोपतो. तेच तुमचं 'कधीतरी हँग'. फ्रीबीएसडीत टाइप न सांगता बनवलेलं म्यूटेक्स एररचेक प्रकारचं असतं, म्हणून ते पकडलं गेलं. दोन्ही वागणुकी स्टँडर्डमध्ये बसतात, पण मला विचाराल तर फ्रीबीएसडीची जास्त माणुसकीची आहे.

करायचं काय, तर पहिल्यांदा तो लूप काढा, आजच. एररचे आकडे पाठ करू नका, हेडरमधली नावं वापरा. मग शोधा की लॉक धरलेलं फंक्शन आतून असं कुठलं फंक्शन बोलावतंय जे परत तेच लॉक मागतं, बहुतेक वेळा ते एरर लॉग करायच्या वाटेवर लपलेलं असतं, जी वाट रोज चालली जात नाही. घाई असेल तर म्यूटेक्स रिकर्सिव्ह (त्याच थ्रेडला परत घेता येणारं) करा, पण ती मलमपट्टी झाली, बरं म्हणजे त्या फंक्शनचे दोन भाग करणं, एक लॉक घेणारा आणि एक लॉक आधीच आहे असं गृहीत धरणारा. आणि हे झालं की लिनक्सवरचा तो रात्रीचा क्रॉनही काढून टाकता येईल, बघा.

जाता जाता आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही पण अडणार आहात. लिनक्सवर नव्या थ्रेडला साधारण ८ एमबी स्टॅक (फंक्शन्सना कामापुरती लागणारी मेमरी) मिळतो, फ्रीबीएसडीच्या ६४ बिटवर २ एमबी. थ्रेडमध्ये खोल रिकर्शन असेल किंवा कुणी फंक्शनच्या आत भलामोठा अ‍ॅरे मांडून ठेवला असेल तर तिकडे चालणारं इकडे सेगफॉल्ट होऊन कोसळतं आणि लोक पुन्हा लायब्ररीच्याच नावाने खडे फोडतात. थ्रेड बनवताना अ‍ॅट्रिब्यूटमध्ये स्टॅकचा आकार स्वतः सांगा. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये तर तिथली मसल नावाची सी लायब्ररी फक्त १२८ केबी देते, त्यामानाने हे राजेशाही आहे.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त प्राध्यापक, नागपूर. आम्ही वर्गात शिकवायचो की एम:एन हे सर्वांत प्रगत मॉडेल. आता सगळे म्हणतात ते मेलं. मग गो भाषेतले गोरूटीन आणि जावातले व्हर्च्युअल थ्रेड्स हे काय आहे? ते एम:एनच नव्हे काय?

सर, एम:एनच आहे, तुमचं शिकवणं वाया गेलेलं नाही. फरक एवढाच की ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्ररीतून उठून भाषेच्या रनटाइममध्ये (भाषेबरोबर येणारी, प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) राहायला गेलं, आणि जागा बदलल्याने बरंच काही बदललं.

सी साठी लिहिलेल्या पीथ्रेड लायब्ररीला कुठलाही प्रोग्राम जसा येईल तसा सांभाळावा लागतो, त्यात कुणी स्टॅकवरचे पॉइंटर इकडेतिकडे दिलेले, कुणी सिग्नल हँडलरमध्ये नको ते उद्योग केलेले, काहीही असू शकतं. गोचा कंपायलर स्वतःच कोड बनवतो त्यामुळे थ्रेड कुठे थांबवता येईल, स्टॅक कुठे वाढवता येईल हे त्याला माहीत असतं, म्हणून गोरूटीन २ केबीच्या स्टॅकवर सुरू होऊन लागेल तसा वाढतो. पीथ्रेडवाल्यांना ही चैन कधीच नव्हती.

पण दोन मुकादमांचं भांडण तिथेही सुटलं नाही, हे तुमच्यासारख्या शिक्षकाला जास्त आवडेल. गोमध्ये बराच काळ एखादा गोरूटीन नुसत्या लूपमध्ये फिरत बसला, आत कुठलं फंक्शन बोलावलं नाही, तर त्याला बाजूला काढता यायचं नाही, फेब्रुवारी २०२० च्या १.१४ मध्ये सिग्नल मारून थांबवायची सोय आली. जावाची कहाणी तर गोल फिरून आलीय. सुरुवातीच्या काळात तिथे ग्रीन थ्रेड्स होते, जवळपास लिबसी_आरचीच बहीण, मग ते टाकून १:१ घेतलं आणि सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड्स आले. त्यातही सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत थ्रेड अडकला की खालचा खरा थ्रेडही त्याच्याबरोबर अडकून पडायचा, ते मार्च २०२५ च्या २४ मध्ये सुटलं. आणि फ्रीबीएसडीवर हे व्हर्च्युअल थ्रेड्स शेवटी कुणाच्या खांद्यावर चालतात? लिबथरच्याच १:१ थ्रेड्सवर. जमीन सपाट झाली म्हणून तिच्यावर मजले चढवता आले.

प्रश्न : बंगळूरला नोकरी करतो, मूळचा साताऱ्याचा. दोन प्रोसेसनी शेअर्ड मेमरीत एकच म्यूटेक्स वापरायचं आहे. आमचे एक सीनियर म्हणतात फ्रीबीएसडीत ते शक्यच नाही. खरं का?

तुमचे सीनियर चुकत नाहीत, ते २०१६ च्या आधीचं बोलतायत. ऑक्टोबर २०१६ च्या ११.० पासून चालतं.

अडचण गमतीशीर होती. फ्रीबीएसडीत म्यूटेक्स म्हणजे तुमच्या स्ट्रक्चरमध्ये बसलेली वस्तू नाही, तो एक पॉइंटर आहे, खरं म्यूटेक्स दुसरीकडे मेमरीत. आता तो पॉइंटर शेअर्ड मेमरीत ठेवला तर एका प्रोसेसचा पत्ता दुसऱ्या प्रोसेसला काय कामाचा? माझ्या गल्लीतलं घर नंबर १२ आणि तुमच्या गल्लीतलं १२ वेगळं. सरळ उपाय म्हणजे म्यूटेक्सचा आकारच बदलायचा, पण मग जगात आधी कंपाइल होऊन बसलेले सगळे प्रोग्राम मोडले असते. कॉन्स्टँटिन बेलूसोव्हने मधला रस्ता काढला, त्या पॉइंटरच्या जागी एक खास खूण ठेवायची, जिचा अर्थ 'हे शेअर्ड आहे', आणि खरं लॉक कर्नेलच्या मदतीने बाजूच्या एका शेअर्ड पानावर ठेवायचं. जुने प्रोग्राम तसेच चालू, नव्यांना सोय. दिसायला ओबडधोबड आहे, मान्य, पण चालत्या गाडीचं चाक बदलायचं तर असंच बदलावं लागतं. त्याच वर्षी रोबस्ट म्यूटेक्सही आले, म्हणजे लॉक धरलेली प्रोसेस मेली तर पुढच्याला कळतं की आधीचा मालक गेला, डेटा तपासून घे. तुम्ही दोन प्रोसेस म्हणताय तर ते नक्की वापरा. प्रोसेस-शेअर्ड हा अ‍ॅट्रिब्यूट सेट करायला विसरू नका, बहुतेक लोक तिथेच चुकतात आणि मग सीनियरचंच खरं वाटायला लागतं.

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, पहिल्या जॉबला आहे. ५००० थ्रेड्स बनवणारा टेस्ट प्रोग्राम लिनक्सवर चालतो, फ्रीबीएसडीवर पंधराशेच्या आसपास थांबतो. आणि टॉपमध्ये थ्रेड्सचे नंबर एक लाखाच्या पुढचे दिसतात, तेवढे थ्रेड्स तर मशीनवर नाहीत!

नंबरांनी घाबरू नकोस. फ्रीबीएसडीत प्रोसेसचे नंबर ९९९९९ पर्यंत जातात आणि थ्रेड्सचे त्याच्या पुढे एक लाखापासून सुरू होतात, म्हणजे नुसता नंबर बघून कळावं की हा थ्रेड आहे का प्रोसेस. मोजदाद नाही ती, गाडीच्या नंबरप्लेटसारखी सिरीज आहे.

पंधराशेचं म्हणशील तर ती एका प्रोसेसला घातलेली मर्यादा आहे, डिफॉल्टच १५०० आहे. ती ओलांडली की थ्रेड बनवायचा कॉल ईअगेन देतो, फ्रीबीएसडीवरचा ३५ नंबर, वर पुणेकरांना सांगितलं तेच. सिसकंट्रोलमध्ये (कर्नेलच्या सेटिंग्ज बघायची-बदलायची कमांड) थ्रेड्सच्या सेटिंग्जखाली प्रत्येक प्रोसेसला जास्तीत जास्त थ्रेड्स किती अशा अर्थाची एक नोंद सापडेल, ती रूट होऊन वाढवता येते, रीबूट लागत नाही. वाढव आणि टेस्ट पूर्ण कर. फक्त खऱ्या प्रोग्रामला एका वेळी ५००० थ्रेड्स कशाला लागतायत ते मला पुढच्या पत्रात कळव, मला खरंच उत्सुकता आहे.